यारी, हायड्रा आणि आरिया : अवजड भाराची भाषा

मराठी विश्वकोशात क्रेन या यंत्राला 'यारी' म्हटले आहे. दोस्ती या अर्थाने हा शब्द सर्वांना ठाऊक असतो. ओझे उचलणारे यंत्र या अर्थाने मात्र, सुरतेत सव्वीस वर्षे मराठी शिकवताना, मी तो एकाही कामगाराच्या तोंडून ऐकलेला नाही. आणि इथे ओझी उचलणाऱ्या मराठी माणसांची वाण नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कुटुंबे दोन-तीन पिढ्या राहत आहेत. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या भुसावळ-सुरत रेल्वेने ती आली, आधी यंत्रमागांवर राबली, आणि मग त्यांतली काही मुले हजिऱ्याच्या कारखान्यांत, बंदरावर, अलीकडे मेट्रोच्या कामावर गेली. ही मंडळी यंत्राला 'क्रेन' म्हणतात, तिच्या एका जातीला 'हायड्रा' म्हणतात. भार वर घ्यायचा तर 'हाबीस' आणि खाली सोडायचा तर 'आरिया' अशी हाळी देतात. कोशातली यारी आणि कामावरचा आरिया यांची अद्याप गाठ पडलेली नाही. ती का पडली नाही आणि पाडायची झाली तर सुरुवात कुठून करावी, हे सांगण्यासाठी आधी यंत्राची ओळख करून द्यावी लागेल. लेखक-शिक्षकांच्या वार्षिकात टन आणि मीटर थोडे खटकतील, पण त्यांच्याशिवाय पुढची शब्दचर्चा हवेत राहील.

क्रेन हा इंग्रजी शब्द सारस-क्रौंचाच्या कुळातल्या लांब मानेच्या पक्ष्यावरून आला आहे. प्राचीन ग्रीकांनीही पक्ष्याला आणि यंत्राला एकच नाव दिले होते. आपल्याकडे क्रौंचवधातून पहिला श्लोक जन्मला असे मानतात. तेव्हा या पक्ष्याशी साहित्याचे नाते जुने आहे एवढी नोंद करून पुढे जातो.

आपल्या वाचकांना क्रेन समजावून सांगण्याचा सोपा मार्ग मोटेवरून जातो. विहिरीच्या काठावर दोन खांब, वर चाक, चाकावरून गेलेला नाडा, नाड्याच्या एका टोकाला कातड्याची मोट आणि दुसऱ्या टोकाला बैलजोडी. बैल उतरत्या धावेवरून चालतात, म्हणजे त्यांचे स्वतःचे वजनही ओढायच्या कामी येते. दोर, चाक, आकडा, ओढणारी शक्ती आणि हे सारे पेलणारा सांगाडा : क्रेनमध्ये याहून वेगळे मूलभूत असे काहीच नसते. बैलांच्या जागी वीजमोटार किंवा डिझेल इंजिन येते, नाड्याच्या जागी पोलादी तारांचा पीळदार दोर येतो. एकच चाक असेल तर ते फक्त ओढीची दिशा बदलते. माणूस खाली ओढतो आणि ओझे वर जाते. पण भाराबरोबर वर-खाली होणारी दुसरी कप्पी जोडली की भार दोरीच्या अनेक पदरांत वाटला जातो. चार पदर असतील तर प्रत्येकावर चौथा हिस्सा येतो; मोबदल्यात भार एक मीटर उचलण्यासाठी दोर चार मीटर ओढावा लागतो. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियसने तीन आणि पाच कप्प्यांच्या उचलयंत्रांचे वर्णन करून ठेवले आहे. आजही गॅरेजमध्ये इंजिन उतरवायला 'चेन कप्पी' लावतात, तेव्हा तिच्यामागे हाच हिशेब असतो.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. मोट फक्त वर-खाली जाते. क्रेनला भार उचलून दुसरीकडे ठेवायचा असतो. त्या 'दुसरीकडे'चा प्रश्न प्रत्येक जातीने वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे, आणि क्रेनचे प्रकार म्हणजे त्या उत्तरांचे प्रकार.

कारखान्याच्या शेडमधली क्रेन घ्या. तिला सगळे 'ई.ओ.टी.' म्हणतात, छताजवळून जाणारी, विजेवर चालणारी क्रेन. शेडच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर रूळ असतात. त्या रुळांवर एक प्रचंड तुळई आडवी टाकलेली असते आणि ती अख्खी तुळई शेडच्या लांबीभर पुढे-मागे धावते. तुळईच्या अंगावर एक गाडा असतो, तो शेडच्या रुंदीत इकडून तिकडे सरकतो. गाड्यातून दोर खाली सुटतो, त्याला आकडा. लांबीतल्या चालीला कामगार 'एल.टी.' म्हणतात, रुंदीतल्या चालीला 'सी.टी.'. या दोन चाली आणि आकड्याची वर-खाली चाल मिळून शेडमधल्या जवळजवळ कुठल्याही बिंदूवर आकडा आणता येतो. जमिनीवरची एक फूटही जागा अडत नाही. मर्यादा अशी की शेडच्या बाहेर तिला काही दिसत नाही. आणि तिचे सारे ओझे खांबांवर येते, म्हणून क्रेन किती टनांची हे ठरल्याशिवाय शेडचा पाया घालता येत नाही. अशी क्रेन धावते त्या रुळावर कुणी काम करीत असेल, तर तिने त्या जागेच्या सहा मीटरच्या आत येता कामा नये, असा बंदोबस्त करण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या कलम २९ ने घातले. उचलयंत्राची बारा महिन्यांतून किमान एकदा तज्ज्ञाकडून कसून तपासणी व्हावी, हेही त्याच कलमातले.

टनांचा आकडा एक असला तरी दोन क्रेन एकसारख्या नसतात. पाण्याच्या पंपघरात वर्षातून दोनदा पंप उचलणारी क्रेन आणि पोलाद कारखान्यात दिवसरात्र वितळलेल्या पोलादाची बादली वाहणारी क्रेन यांच्यात चुलीवरच्या चिमट्यात आणि लोहाराच्या सांडशीत असावा तेवढा फरक असतो. भारतीय मानकांत म्हणूनच क्रेनच्या यंत्रणेचे कामाच्या ताणानुसार एम-१ ते एम-८ असे वर्ग केलेले आहेत. पोलादाच्या बादलीला कामावर 'लॅडल' म्हणतात. तिच्यात उकळता धातू असतो आणि खाली माणसे असतात. अशा क्रेनला एकच ब्रेक ठेवून चालत नाही. एक निकामी झाला तरी दुसऱ्याने भार धरला पाहिजे. हजिऱ्यात पूर्वी एस्सार स्टीलचा आणि २०१९ पासून आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टीलचा असलेला कारखाना आहे. हा वर्ग-आठचा हिशेब पुस्तकातला नसून आमच्या शेजारचा आहे, तो असा.

छताजवळच्या क्रेनची ताकद कुठवर जाते याचे उदाहरणही हजिऱ्यातूनच निघते, जरी ते संपते फ्रान्समध्ये. दक्षिण फ्रान्समध्ये 'ईटर' नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालू आहे. सूर्यात चालणारी अणुसंमीलनाची प्रक्रिया पृथ्वीवर साधता येते का, हे तिथे पाहायचे आहे. त्या भट्टीला बाहेरून वेढणारे पोलादी पात्र, म्हणजे 'क्रायोस्टॅट', भारताच्या वाट्याला आले आणि लार्सन अँड टुब्रोच्या हजिऱ्यातल्या कारखान्यात ते घडले. उंची आणि व्यास दोन्ही २९ मीटरच्या आसपास, वजन सुमारे ३,८५० टन. एवढे पात्र अख्खे उचलून नेणे कुणाच्या बापाला शक्य नव्हते. म्हणून ते ५४ तुकड्यांत घडवले, समुद्रमार्गे नेले आणि तिथे जोडून चार मोठे भाग केले. त्यातला तळाचा भाग १,२५० टनांचा. मे २०२० मध्ये तो भट्टीच्या खड्ड्यात उतरवला, तेव्हा प्रत्येकी ७५० टनांच्या दोन छतक्रेन एकमेकींना जोडून वापराव्या लागल्या. वेग इतका कमी की पाहणाऱ्याला हालचाल कळू नये. मला या गोष्टीत रस आहे तो वेगळ्या कारणाने. ५४ हा आकडा पात्राच्या रचनेइतकाच रस्त्याने, जहाजाने आणि क्रेनने ठरवला. काय बनवायचे हे आपण ठरवतो, पण केवढे तुकडे करायचे हे उचलणारा ठरवतो. अनुवाद करणाऱ्यांना लांब वाक्याबद्दल हाच अनुभव असेल.

फार जड वस्तू पुष्कळदा उचलतच नाहीत, हेही इथे सांगायला हवे. शेकडो टनांची रिॲक्टर पात्रे शेकडो चाकांच्या, प्रत्येक आसाला स्वतंत्र हायड्रॉलिक आधार असलेल्या गाड्यांवर ठेवून तापीच्या धक्क्यावरून सरळ तराफ्यावर चढवतात. भरती-ओहोटीची वेळ साधून तराफ्याची आणि धक्क्याची पातळी एक करतात. समुद्र इथे क्रेनचे अर्धे काम करतो.

शेड नसेल तर छतक्रेनलाच पाय लावायचे. ही 'गँट्री'. दोन्ही बाजूंचे पाय जमिनीवरच्या रुळांवर किंवा रबरी चाकांवर धावतात, वर तीच तुळई आणि तोच गाडा. तिच्या मोठ्या अवताराला 'गोलायथ' म्हणतात. बायबलमधल्या ज्या राक्षसाला मेंढपाळ पोराने गोफणीने लोळवले त्याचे नाव एवढ्या भरवशाच्या यंत्राला का दिले असावे, हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला होता. मजेची गोष्ट अशी की इंग्रजीत गोफणीला आणि क्रेनच्या आकड्याला भार बांधण्याच्या दोराला एकच शब्द आहे : 'स्लिंग'.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या पुलांसाठी अशा गँट्रींची अख्खी मालिकाच लावलेली आहे. दोन खांबांमधले काँक्रीटचे संपूर्ण अंतर, ४० मीटर लांबीचे, जमिनीवर एकसंध ओतायचे. त्याचे वजन सुमारे ९७० टन. हत्तीच्या हिशेबात दोनशे हत्ती. एक गँट्री ते उचलून चाकांच्या वाहनावर ठेवते, ते वाहन आधी बांधून झालेल्या पुलावरूनच पुढे जाते, आणि टोकाला उभे असलेले 'लाँचर' नावाचे यंत्र ते पुढच्या दोन खांबांवर बसवून स्वतः एक पाऊल पुढे टाकते. पूल स्वतःवरून चालत पुढे जातो असे म्हटले तरी चालेल. हेच काम चुकले तर काय होते ते १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर दिसले. तिथे लाँचर कोसळून वीस माणसे गेली. त्याच्या बरोबर तीन वर्षे आधी, १ ऑगस्ट २०२० ला, विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये नव्या क्रेनची भारचाचणी चालू असताना ती कोसळून अकरा जण मेले होते.

बंदरावरची क्रेन ही गँट्रीचीच चुलतबहीण. तिचा एक लांब हात समुद्रावर पुढे आलेला असतो. जहाज लागताना तो उभा उचलून धरतात, म्हणून दुरून या क्रेन जिराफांच्या रांगेसारख्या दिसतात. आकड्याऐवजी तिला एक चौकट असते. चौकटीच्या चार कोपऱ्यांतले खुंटे कंटेनरच्या चार कोपऱ्यांतल्या छिद्रांत शिरून वळतात आणि पेटी पकडली जाते. बांधाबांध नाही, गाठ नाही. हजिऱ्याच्या बंदरापासून सुवालीचा किनारा जवळच आहे. १६१२ मध्ये इथेच इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली. मोठी जहाजे तेव्हा सुवालीलाच नांगर टाकत आणि माल तिथे उतरवून सुरतेला नेत. तो सगळा माल माणसांच्या खांद्यावरून गेला. रिंग रोडच्या कापड बाजारात साड्यांची पार्सले आजही तशीच माणसांच्या पाठीवरून जातात, ही सुरतेची दुसरी बाजू.

टॉवर क्रेनबद्दल विद्यार्थ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : एवढ्या उंचीवर ती चढते कशी? ती स्वतःच स्वतःला वाढवते. तिच्या उभ्या मनोऱ्याभोवती एक पिंजरा असतो. त्यातला हायड्रॉलिक जॅक वरचा सगळा भाग थोडा उचलून धरतो, मधे पोकळी पडते, त्या पोकळीत मनोऱ्याचा नवा तुकडा सरकवतात. असे तुकड्यातुकड्याने ती इमारतीच्या पुढे राहते. रात्री काम संपल्यावर तिच्या फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडतात, म्हणजे वारा येईल तसा तिचा हात वळतो. घट्ट बांधून ठेवली तर वारा तिला पाडील. वेसूच्या बाजूला पावसाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळी पाहिले तर सगळ्या क्रेन एकाच दिशेला तोंड करून उभ्या दिसतात.

आता रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणारी जात, चाकांवरची किंवा साखळीपट्ट्यांवरची फिरती क्रेन. छतक्रेन आणि गँट्री भाराला दोन्ही बाजूंनी आधार देतात. फिरत्या क्रेनला एकाच बाजूला हात असतो, आणि तिथे सगळा खेळ तोलाचा होतो. पन्नास टनी क्रेन म्हणजे पन्नास टन उचलणारी क्रेन, असे बाहेरच्या माणसाला वाटते. ते खरे आहे, पण भार तिच्या अगदी कुशीत, मध्यापासून तीनेक मीटरवर असेल तेव्हाच. पहार घेऊन दगड उलथणाऱ्याला हे सांगावे लागत नाही; अंतर वाढले की तेच वजन जड होते. ढोबळ हिशेब असा : तीन मीटरवर पन्नास टन म्हणजे गुणाकार दीडशे. भार पंधरा मीटरवर नेला तर गुणाकार तेवढाच ठेवायला दहा टनच घेता येतील. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण लांब केलेल्या हाताचे स्वतःचे वजन असते. म्हणून प्रत्येक क्रेनबरोबर अंतर आणि हाताची लांबी यांनुसार किती टन उचलायचे याचा तक्ता असतो, त्याला 'लोड चार्ट' म्हणतात. चालकाच्या केबिनमध्ये इशारा देणारे उपकरणही असते. पण खालून कुणी 'अजून थोडे पुढे घे' म्हणते, तेव्हा वजनात एका किलोचीही भर पडत नाही आणि तरी क्रेन कलंडते. 'थोडे पुढे' हे चार अक्षरांचे निरुपद्रवी शब्द आहेत असे आपल्याला वाटते, म्हणूनच ते घातक.

दुसरी गोष्ट पायाखालच्या जमिनीची. क्रेन उचलायला लागली की बाजूंना चार पाय पसरते आणि सगळा भार त्या चार तळव्यांवर येतो. दक्षिण गुजरातेत एकीकडे काळी माती, दुसरीकडे तापीचा गाळ, हजिऱ्याकडे भराव टाकून केलेली जमीन. पावसाळ्यात वरून कडक दिसणारी माती आतून लोण्यासारखी असते. तळव्याखाली लाकडी फळ्या किंवा पोलादी पत्रे टाकून भार पसरवायचा असतो. साखळीपट्ट्यांची क्रेन हेच काम पट्ट्याच्या रुंदीने करते, म्हणून ती भार घेऊन चालू शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये नाना वराछा भागात मेट्रोच्या कामावर क्रेन कलंडून एका बंगल्यावर पडली. सुदैवाने कुणी दगावले नाही. महिनाभर सुरतेत रिक्षावालेसुद्धा तोलावर बोलत होते.

आणि हायड्रा. मुळात हे एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचे नाव. आता कुठल्याही कंपनीची, पुढे हात असलेली, भार लटकवून चालत जाणारी ठेंगणी क्रेन म्हणजे हायड्रा. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे. भाड्याने स्वस्त मिळते, गल्लीबोळात शिरते, म्हणून प्रत्येक कामावर ती असतेच. तिचा दोष तिच्या गुणातच आहे. भार पुढे लोंबत असतो, चालकाच्या डोळ्यांसमोर तिचाच हात आडवा येतो, आणि खड्ड्यातून चाक गेले की भार हेलकावतो. तो हेलकावा थांबवायला एक पोरगा भाराला हात लावून बरोबर चालत असतो. माझ्या माहितीतल्या दोन घरांत असा पोरगा होता. एकाचा पाय गेला.

भार बांधण्याच्या कोनाबद्दल एक परिच्छेद, कारण तो कुठल्याही घरातल्या बाईला लगेच कळतो आणि पुष्कळ कामगारांना कुणी सांगितलेला नसतो. दोघांनी मिळून एक भरलेली घागर दोरीने धरायची आहे. दोघे जवळजवळ उभे असतील, दोर उभे असतील, तर प्रत्येकाला अर्धे वजन. दोघे लांब सरकले, दोर आडवे होऊ लागले, की घागर तेवढीच राहते आणि हात मात्र तुटू लागतात. स्लिंगचे तसेच. दोर आडव्या रेषेशी साठ अंशांचा कोन करीत असेल तर प्रत्येक दोरावर भाराच्या अर्ध्याहून थोडा जास्त ताण येतो. तीस अंशांवर आला की प्रत्येक दोरावर पूर्ण भाराइतका. म्हणजे दोन टनांच्या वस्तूसाठी एकेक टनाचे दोन दोर घेतले आणि ते पसरट बांधले, तर ते तुटणारच.

इथवर यंत्र झाले. पण चालकाला भार नेहमी दिसतोच असे नाही. तो वर केबिनमध्ये, भार भिंतीच्या पलीकडे. मधे एक माणूस उभा असतो, खुणा करणारा. हात वर, तर्जनी आकाशाकडे, छोटे वर्तुळ : उचल. हात खाली, तर्जनी जमिनीकडे, तसेच वर्तुळ : उतरव. तळवा जमिनीकडे करून आडवा हात हलवला की थांब. खुणा एकानेच करायच्या आणि चालकाने फक्त त्याच्याच पाळायच्या. अपवाद 'थांब'चा, ती खूण कुणीही केली तरी पाळायची.

गोंगाटात खुणा, आणि आवाज पोहोचत असेल तिथे हाळी. सुरतेतल्या एखाद्या कामावर चालक उत्तर प्रदेशाचा असतो, मुकादम गुजराती, दोघे ओडिशाच्या गंजामचे आणि दोघे आमचे खानदेशी. खानदेशी पोरगा ओरडतो, "खाली! खाली!" त्याच्या मनात : भार खाली घ्या. चालकाच्या हिंदीत आणि मुकादमाच्या गुजरातीत 'खाली' म्हणजे रिकामे. आकडा रिकामा झाला, आता वर घ्यायला हरकत नाही, असा अर्थ त्याने घेतला तर? 'ओढ' म्हटले की मराठी माणूस खेचतो. हिंदी-गुजराती कानाला ते अंगावर पांघरूण घेण्यासारखे ऐकू येते. 'बस' म्हणजे हिंदी-गुजरातीत पुरे, मराठीत त्याबरोबर खाली बसणेही आलेच. वर्गात आम्ही या शब्दांना समानरूपी भिन्नार्थी म्हणून दोन गुणांचा प्रश्न काढतो.

अशा ठिकाणी 'हाबीस' आणि 'आरिया' टिकून आहेत ते उगाच नव्हे. आरिया हा शब्द पोर्तुगीज 'आरिआर' या क्रियापदावरून आला. शीड किंवा निशाण उतरवणे हा त्याचा अर्थ. युरोपीय जहाजांवर गुजरात, कोकण, मलबार, बंगालच्या किनाऱ्यावरचे खलाशी काम करीत, त्यांना लास्कर म्हणत. त्यांची एक मिश्र बोली तयार झाली : हिंदुस्तानी, पोर्तुगीज, अरबी, इंग्रजी, जे मिळेल ते. तिची गरज एवढी होती की टॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्याला खास जहाजी शब्दांचा इंग्रजी-हिंदुस्तानी कोश छापला, गोऱ्या अधिकाऱ्यांना खलाशांशी बोलता यावे म्हणून. जहाजावरची दोर-कप्पीची विद्या घेऊन खलाशी किनाऱ्यावर आले आणि आपल्याबरोबर हाळ्याही घेऊन आले. केरळातल्या बेपूरचे खलाशी या विद्येसाठी आजही नावाजलेले आहेत. १९८८ मध्ये पेरुमन येथे रेल्वेचे डबे अष्टमुडी सरोवरात पडले, तेव्हा ते बाहेर काढण्यात दोर आणि कप्प्या घेऊन आलेल्या या मंडळींचा मोठा वाटा होता. त्यांच्या तोंडीही हेच दोन शब्द थोड्या फरकाने असतात. आरिया आज ना गुजरात्याचा आहे, ना ओडियाचा, ना खानदेश्याचा. कुणाच्याच घरात तो दुसऱ्या अर्थाने वापरला जात नाही, म्हणून तो ऐकून कुणाचीच गल्लत होत नाही.

परिभाषा घडवणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे असे मला वाटते. आपली परिभाषा इंग्रजी शब्द समोर ठेवून त्याला मराठी प्रतिशब्द देत आली. पदवीच्या पुस्तकासाठी ते योग्यच होते. यारीला माझा विरोध नाही, शब्द सुटसुटीत आहे. पण धोक्याच्या जागी बोलल्या जाणाऱ्या शब्दाची कसोटी वेगळी. तो मराठी आहे की नाही यापेक्षा तो शेजारच्या भाषेत दुसरेच काही सांगत नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. हाबीस-आरिया कोशात जसेच्या तसे घ्यावेत, हायड्राही घ्यावी. समजावून सांगण्याच्या भाषेत मात्र मराठीला मुबलक वाव आहे आणि तो आपण वाया घालवतो. 'गुरुत्वमध्य उत्तोलन-बिंदूच्या लंबरेषेत असावा' हे वाक्य मी एका सूचनापत्रकात वाचले आहे. गवंड्याच्या पोराला तेच 'आकडा भाराच्या मध्यावर ओळंब्यात धर' म्हटले की पुरते.

गेल्या वर्षी व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही असे एक पत्रक नव्याने लिहायला घेतले. वर्गातल्या तिघांचे वडील किंवा भाऊ क्रेनच्या कामावर, त्यामुळे मसुदा रोज घरी जाई आणि तांबड्या शाईशिवायच तपासून येई. ओळंबा, हेलकावा, पीळ, तोल हे शब्द एका फेरीत मंजूर झाले. कोनासाठी घागरीचे चित्र काढले. अडलो ते भाराला बांधायच्या लांब दोरीपाशी. भार फिरू नये, हेलकावू नये म्हणून ही दोरी दुरून धरायची असते. भाराला हात लावायचा नसतो. कामावर तिला 'टॅग लाइन' म्हणतात, पण पुष्कळांना ती कशासाठी असते तेच ठाऊक नसते, ते तिचा उपयोग भार ओढायला करतात. मार्गदोर, नियंत्रण-रज्जू असे प्रस्ताव आले आणि पडले. शेवटी अमळनेरकडच्या एका मुलीने 'कासरा' सुचवला. बैलाला लांबून आवरायची दोरी ती कासरा. आम्ही पत्रकात तोच घातला, कंसात टॅग लाइन लिहून. तिच्या वडिलांनी मसुद्यावर एकच दुरुस्ती सुचवली : कासरा हाताला गुंडाळू नका, हे मोठ्या अक्षरांत लिहा.